डोळ्यातले कुसळ आणि समनाभी सूक्ष्मदर्शक

श्रोते हो, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, अशी म्हण आपण एकमेकांना टोमणा मारताना वापरतो. आज मात्र टोमणा मारायचा नाही. आज खऱ्या कुसळाविषयी बोलायचे आहे. ज्वारीच्या मळणीत उडणारे कुसळ, ऊसतोडीत डोळ्याला चाटून जाणारे पाचट, सोयाबीनच्या राशीवरचा भुसा. परंड्यापासून उमरग्यापर्यंत आपल्या धाराशिव जिल्ह्यात असे कोणते घर आहे की जिथे सुगीच्या दिवसांत कुणाच्या तरी डोळ्यात काही गेले नाही?

बहुतेक वेळा काय होते? डोळा चोळतात, पाणी मारतात, दोन दिवस लाल राहतो आणि बरा होतो. पण एखाद्या वेळी तो बरा होत नाही. आठवड्याने ठणका लागतो, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "डोळ्यात फूल पडलं." हे फूल म्हणजे पुष्कळदा बुरशी असते. काडीकचऱ्याबरोबर ती बुबुळाच्या जखमेत गेलेली असते आणि तिथेच रुजते. मग प्रश्न येतो तो असा, की ती बुरशीच आहे हे डॉक्टरांनी ओळखायचे कसे? डोळा काही भाजीसारखा चिरून पाहता येत नाही.

न चिरता आतला थर पाहण्याची एक युक्ती विज्ञानाने शोधली आहे. तिचे नाव कॉन्फोकल मायक्रोस्कोप. आपण त्याला समनाभी सूक्ष्मदर्शक म्हणू. नाव अवघड असले तरी युक्ती अगदी सोपी आहे, आणि शिक्षक बंधुभगिनींनी मनावर घेतले तर ती वर्गात एका भिंगावर आणि दोन पुठ्ठ्यांवर दाखवता येईल. ते शेवटाकडे सांगतो. आधी अडचण काय होती ते पाहू.

शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक बहुतेकांनी पाहिलेला आहे. त्याखाली आपण कांद्याचा पापुद्रा ठेवतो. पापुद्राच का? आख्ख्या कांद्याची फोड का नाही? कारण पापुद्रा एका पेशीच्या जाडीचा असतो. उजेड त्यातून सरळ आरपार जातो आणि विटांच्या भिंतीसारख्या पेशी स्वच्छ दिसतात. जाड फोड ठेवून पाहा, सगळा धुरळा दिसेल. असे होते, कारण भिंग एका वेळी एकाच थरावर नीट बसते. त्या थराच्या वरच्या आणि खालच्या थरांचा उजेडही भिंगातून येतच असतो, पण तो विस्कटलेला असतो. चांगल्या थराच्या चित्रावर हा विस्कटलेला उजेड धुक्यासारखा पसरतो.

जुन्या काळी यावर एकच उपाय होता. वस्तू मेणात बसवायची, तिचे कागदाहून पातळ काप करायचे, रंगवायचे आणि एकेक काप पाहायचा. या उपायाने विज्ञान पुष्कळ पुढे गेले, आणि आजही रुग्णालयात गाठीचा तुकडा तपासतात तो असाच. पण कापले की जीव गेला. जिवंत पेशीत काय चालले आहे, जिवंत डोळ्यात बुरशी किती खोल गेली आहे, हे कापून कसे कळणार?

ही अडचण अमेरिकेतल्या मार्व्हिन मिन्स्की नावाच्या एका तरुणाला सतावत होती. १९५५ साली तो हार्वर्ड विद्यापीठात होता. त्याला मेंदूतल्या मज्जापेशी एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत ते पाहायचे होते. मेंदू म्हणजे वेलींची गुंतागुंत. कुठूनही उजेड टाका, तो सगळीकडून उधळून परत येणार. मिन्स्कीने विचार उलटा केला. सगळीकडे एकदम उजेड टाकायचाच कशाला? एका वेळी एकाच ठिपक्यावर टाकू. आणि परत येणाऱ्या उजेडातूनही फक्त त्याच ठिपक्याचा उजेड आत घेऊ, बाकीचा दारातच अडवू.

हे अडवणारे दार म्हणजे सुईच्या टोकाएवढे एक छिद्र. दिव्यापुढे एक छिद्र, त्यामुळे उजेड एका बिंदूवर एकवटतो. पाहणाऱ्या बाजूला दुसरे छिद्र, ते बरोबर अशा जागी, की त्या बिंदूहून परतलेला उजेड भिंगातून जाऊन नेमका त्या छिद्रावरच गोळा होतो आणि पार जातो. वरच्या किंवा खालच्या थरावरून आलेला उजेड छिद्राच्या अलीकडे किंवा पलीकडे गोळा होतो. छिद्रापाशी तो पसरट झालेला असतो, म्हणून त्यातला फारच थोडा आत शिरतो. भिंगातून उजेड जिथे गोळा होतो त्या बिंदूला आपण नाभी म्हणतो. दोन्ही छिद्रांचा नेम एकाच नाभीवर, म्हणून हा समनाभी सूक्ष्मदर्शक.

आता तुम्ही रेडिओ ऐकणारे आहात, म्हणून रेडिओचाच दाखला घ्या. हवेत एकाच वेळी कितीतरी केंद्रांच्या लहरी असतात. सगळी केंद्रे एकदम ऐकू आली तर नुसता कलकलाट होईल. म्हणून आपण काटा फिरवून एकच केंद्र लावतो आणि बाकीची बाहेर ठेवतो. समनाभी सूक्ष्मदर्शकातले छिद्र खोलीच्या बाबतीत हेच काम करते. ज्या खोलीवर काटा लावाल तोच थर दिसेल.

पण एका ठिपक्याचे चित्र काय कामाचे? म्हणून तो ठिपका फिरवावा लागतो. नांगर जसा एक तास संपवून दुसऱ्या तासाला लागतो, तसा उजेडाचा ठिपका ओळीमागून ओळ चालत जातो. दर ठिकाणी किती उजेड परत आला याची नोंद होते आणि त्या नोंदींतून चित्र उभे राहते. समजा ५१२ ओळी आणि दर ओळीत ५१२ ठिपके असे चित्र हवे असेल, तर २,६२,१४४ ठिपक्यांची नोंद घ्यावी लागेल. मिन्स्कीच्या यंत्रात उजेड जागेवर राही आणि वस्तूच हलवली जाई. चित्र उमटे ते लष्कराच्या मोडीत निघालेल्या रडारच्या पडद्यावर. १९५७ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६१ साली ते मिळाले. पण तेव्हा या यंत्राकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुरेसा प्रखर दिवा नव्हता, आणि इतक्या नोंदी सांभाळणारी संगणक यंत्रेही हाताशी नव्हती. मिन्स्की दुसऱ्या कामाकडे वळला. विचार करणारी यंत्रे करण्याच्या शास्त्रात पुढे त्याचे मोठे नाव झाले.

बी चांगले होते, पण वापसा यायचा होता. १९६० साली लेसर निघाला. लेसर म्हणजे एकाच रंगाचा, न पसरणारा, प्रखर उजेड. संगणक स्वस्त झाले. १९८७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे जॉन व्हाइट आणि ब्रॅड एमॉस यांनी लेसरवर चालणारा, रोजच्या वापराचा समनाभी सूक्ष्मदर्शक करून दाखवला. त्यात वस्तू जागेवर राहते आणि हलत्या आरशांनी लेसरचा किरण फिरवला जातो. एक थर झाला की नाभी थोडी खाली सरकवायची आणि दुसऱ्या थराचे चित्र घ्यायचे. असे पन्नास-शंभर थर घेतले की संगणक ते भाकरीच्या चळतीसारखे एकावर एक रचतो आणि पेशीचा आख्खा आकार सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवतो. सुरी न लावता काप मिळतात ते असे.

यालाच एक दुसरी युक्ती येऊन मिळाली. बँकेत जांभळ्या दिव्याखाली नोट धरली की तिच्यातले काही धागे आणि आकडे चमकतात, हे काहींनी पाहिले असेल. काही पदार्थ एका रंगाचा उजेड गिळतात आणि दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. पेशीतल्या एखाद्याच भागाला चिकटणारा असा चमकता रंग वापरला, तर अंधारात दिवा लावावा तसा तेवढाच भाग उजळतो. समुद्रातल्या एका जेलीफिशमध्ये निसर्गतःच हिरवे चमकणारे प्रथिन असते. जपानी शास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरा यांनी ते शोधले आणि १९६२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. १९९४ साली मार्टिन चाल्फी यांनी त्या प्रथिनाचा जनुक दुसऱ्या जिवांत घालून तेही हिरवे चमकतात हे दाखवले, आणि रॉजर त्सिएन यांनी त्यातून निरनिराळे रंग तयार केले. या तिघांना २००८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तुम्ही म्हणाल, याचा आमच्या शेताशी काय संबंध? संबंध मुळाशीच आहे. सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियम जिवाणूंचे संवर्धक चोळा, असे कृषी सहायक दर वर्षी सांगतात. त्या काळ्या भुकटीत काय आहे आणि ते मुळात कसे शिरते? हे जिवाणू हिरवे चमकतील असे करून समनाभी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा सगळी वाट डोळ्यांना दिसली. मुळाचा बारीक केस टोकाशी वाकतो आणि जिवाणूला कवेत घेतो. मग त्या केसातून एक अरुंद नळी आत वाढत जाते आणि तिच्यातून जिवाणूंची रांग पुढे सरकते. नळी आत पोचते तिथे गाठ धरते. त्या गाठीत हवेतल्या नत्राचे खत होते. पुढच्या हंगामात पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एक रोप हलक्या हाताने उपटा आणि गाठ नखाने फोडा. आतून ती गुलाबी-लाल असेल तर कामाला लागलेली आहे असे समजा. आपण नखाने फोडून रंग पाहतो, शास्त्रज्ञ न फोडता आत डोकावतो, एवढाच फरक.

तुरीवरचा मर रोगही तसाच. उभे झाड दुपारच्या उन्हात माना टाकते, चिरून पाहिले तर आत काळपट रेघा. ही करणी फ्युझेरियम नावाच्या बुरशीची. ती मातीतून मुळात आणि मुळातून पाणी वाहणाऱ्या नळ्यांत जाते. अशा बुरशीला चमकते करून ती कोणत्या वाणाच्या मुळात किती पुढे जाते आणि कोणत्या वाणात अडते, हे या यंत्राने पाहता येते. रोगाला दाद न देणारे वाण शोधणाऱ्यांना असे पाहणे फार उपयोगी पडते.

आपल्या राज्यात असे सूक्ष्मदर्शक पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहेत, पुण्याच्याच आयसर या विज्ञान शिक्षण संस्थेत आहेत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेत आणि खारघरच्या टाटा कर्करोग संशोधन केंद्रातही आहेत. पेशी कशी दुभंगते, कर्करोगाची पेशी जागा सोडून कशी हिंडते, असले प्रश्न तिथे सोडवले जातात.

आता पुन्हा डोळ्याकडे येऊ. योगायोग असा, की बुबुळात रुजणारी बुरशी पुष्कळदा याच फ्युझेरियमच्या भाऊबंदांपैकी असते. तुरीची जात वेगळी आणि डोळ्याची वेगळी, पण गोत एक. दुसरी नेहमी सापडणारी बुरशी म्हणजे अस्परजिलस. या बुरशा मातीत, काडीकचऱ्यात, कुजक्या पानांत राहतात. म्हणूनच हा आजार बसून काम करणाऱ्यापेक्षा शेतात राबणाऱ्याला अधिक होतो. आणि तो ऐन कर्तेपणाच्या वयात होतो. २०१५ ते २०१९ या काळात देशभर केलेल्या पाहणीत पन्नाशीच्या आतल्या माणसांच्या अंधत्वाचे पहिले कारण बुबुळ पांढरे होणे हेच आढळले. मोतीबिंदूची गोष्ट वेगळी. तो काढता येतो. बुबुळावर एकदा दाट फूल पडले की दुसऱ्याचे बुबुळ बसवण्यावाचून उपाय राहत नाही, आणि त्यासाठी कुणीतरी मरणोत्तर नेत्रदान केलेले असावे लागते.

बुबुळाचा पारदर्शक पडदा साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. तो आरपार दिसतो, म्हणून समनाभी सूक्ष्मदर्शकाला अगदी सोयीचा. रुग्णाला यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवतात, डोळा बधिर करणारे थेंब घालतात, आणि यंत्राचे टोक अलगद बुबुळाला टेकवतात. इथे चमकता रंग लागत नाही. लेसरचा सौम्य उजेड प्रत्येक थरावरून जसा परत येतो तसेच चित्र मिळते. निरोगी बुबुळात पेशी फरशी बसवल्यासारख्या दिसतात, आणि मज्जातंतू काळ्या रानात पांढरी पायवाट दिसावी तसे. बुरशी असेल तर एकमेकांवर आडवेतिडवे पडलेले चकचकीत धागे दिसतात. अकँथामीबा नावाचा एक पाण्यातला सूक्ष्म जीवही डोळ्यात घर करतो. तो गोल चमकदार मण्यांसारखा दिसतो. निदान तिथल्या तिथे होते आणि किती खोलवर गेले आहे तेही कळते. तामिळनाडूत मदुराई येथील अरविंद नेत्र रुग्णालयात अशा गंभीर रुग्णांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बुरशी किंवा अकँथामीबा असलेल्या शंभर रुग्णांमागे सुमारे ८५ जणांमध्ये या यंत्राने तो बरोबर ओळखला.

परंतु श्रोते हो, यंत्राचे गुण गाताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर तुम्ही उगाच दूरच्या शहराची गाडी धराल. शंभरात ८५ म्हणजे पंधरा सुटले. जिवाणू फार लहान असतात, ते या यंत्रात वेगळे ओळखता येत नाहीत. बुरशी आहे एवढे कळते, पण कोणत्या जातीची ते खात्रीने सांगता येत नाही. यंत्र महाग आहे, मोजक्याच रुग्णालयांत आहे आणि चित्र वाचायला सरावलेला डोळा लागतो. प्रयोगशाळेतही अडचणी आहेतच. उन्हात वाळत घातलेल्या लुगड्याचा रंग उडावा तसे लेसरखाली चमकते रंग फिके पडत जातात. जाड वस्तूत साधारण केसाच्या जाडीच्या दुपटीइतक्या खोलीपलीकडे चित्र अंधुक होते. त्याहून खोल जायला दुसऱ्या तऱ्हेचे लेसर सूक्ष्मदर्शक वापरतात.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की बहुतेक रुग्णांना या यंत्राची गरजच पडत नाही. डोळा बधिर करून जखमेवरचा कणभर भाग खरवडून घेतात, काचेवर ठेवून त्यावर औषध टाकतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे दिसले की निदान झाले. ही तपासणी स्वस्त आहे. लातूर, सोलापूर, अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यांच्या नेत्र विभागात विचारणा करावी. जखम खोल असेल, वरच्या खरवडण्यात काही सापडत नसेल, किंवा उपचार चालू असताना आतली बुरशी मरते आहे की नाही हे पाहायचे असेल, तेव्हा समनाभी यंत्र उपयोगी पडते.

खरी वेळ वाया जाते ती यंत्राअभावी नाही, आपल्या हयगयीमुळे. तेव्हा चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. डोळ्यात काही गेले तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. जिभेने किंवा पदराच्या टोकाने कुसळ काढायची आपल्याकडे रीत आहे, ती सोडा. रुतलेले असेल तर डॉक्टरांनाच काढू द्या. दुसरे, मध, एरंडेल, अंगावरचे दूध, पाल्याचा रस यांतले काहीही डोळ्यात घालू नका. तिसरे, दुकानातून मनाने थेंब आणू नका. लाली झटकन उतरवणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. बुरशी असलेल्या डोळ्यात ते पडले म्हणजे वाळल्या पाचटात निखारा पडला म्हणून समजा. दोन दिवस बरे वाटते आणि आत बुरशी फोफावते. चौथे, डोळा दुखतो, उजेड सोसत नाही, नजर अंधुक झाली किंवा पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि जाताच सांगा, "डोळ्यात काडी गेली होती." हे एक वाक्य त्यांना निम्मी वाट दाखवते. आणि मळणीला किंवा ऊसतोडीला जाताना साधा संरक्षक चष्मा लावा. लोक हसतील, हसू द्या.

आता शिक्षकांसाठी कबूल केलेला प्रयोग. दहा सेंटीमीटर नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग घ्या. बॅटरीच्या तोंडाला पुठ्ठा लावून त्याला खिळ्याने दोन मिलिमीटरचे छिद्र पाडा. खोलीत अंधार करा. बॅटरी भिंगापासून वीस सेंटीमीटरवर ठेवा आणि भिंगाच्या दुसऱ्या बाजूला वीस सेंटीमीटरवर दुसरा पुठ्ठा उभा करा. त्यावर लख्ख ठिपका पडेल. बरोबर त्या ठिपक्यावर तेवढेच छिद्र पाडा आणि मागे पांढरा कागद धरा. उजेड पार जाऊन कागद उजळेल. आता बाकी काही न हलवता बॅटरी आणखी दहा सेंटीमीटर मागे न्या. ठिपक्याची फिकट चकती होईल. भिंग पाच सेंटीमीटर रुंद असेल तर ती दीड सेंटीमीटरहून थोडी मोठी भरेल, आणि छिद्रातून जेमतेम उजेड जाईल. मुलांना सांगा, बॅटरीची पहिली जागा म्हणजे आपल्याला हवा असलेला थर, दुसरी जागा म्हणजे नको असलेला थर. छिद्राने एकाला आत घेतले आणि दुसऱ्याला अडवले.

हा प्रयोग झाला की त्याच तासाला मुलांना एवढेच विचारा, की तुमच्या घरी या सुगीत कुणाचा डोळा लाल आहे का? एखादा हात वर होईल. त्या मुलाला घरी जाऊन काय सांगायचे, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.